डावरी भिंत

माघ लागला की निपाणीत माणसं एकमेकांना आधी शिंकून भेटतात आणि मग बोलतात. शेतातला तंबाखू कापून उन्हात पसरलेला असतो, भरलेल्या बैलगाड्या वखारींकडं निघालेल्या असतात, आणि वारा कुठूनही आला तरी खाट, म्हणजे तंबाखूचा नाकाडोळ्यांत झोंबणारा उग्र वास, घेऊनच येतो. बाहेरगावचा पाहुणा नाकाला उपरणं लावून फिरतो. मी मूळची बेळगावच्या अनगोळची. लग्न होऊन इथं आले तेव्हा सुगीभर माझे डोळे गळत होते, आणि "नवी सून सारखी रडतीया" अशी गल्लीत बोलवा झाली होती. रडण्यासारखंही त्या साली बरंच होतं म्हणा. खाटानं किती आणि मनानं किती, ते मला तेव्हाही वेगळं काढता आलं नाही.

यंदाची सुगी आली आहे. सकाळी दार उघडलं, पहिली शिंक आली आणि एकदम ग्रीसचा वास आला. घरात ग्रीस नाही. मोटारीचं सामान आमच्या घरातून जाऊन जमाना झाला. तरी आला. तंबाखूचा खाट आणि ग्रीस हे दोन वास माझ्या डोक्यात एकाच फडक्यात बांधलेले आहेत. एक सुटला की दुसरा सुटतो, आणि दोन्ही सुटले की लढाईच्या काळातली ती एक सुगी समोर येऊन बसते. हालाची सुगी होती. पण आज तिची आठवण आली की मनात येतं, बरं झालं बाई, आपल्या वाट्याला आली.

माझे यजमान मोटारीचे मिस्त्री. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, त्यामुळं इथंही ते "हे"च राहतील. निपाणीहून चिकोडी, बोरगाव, सदलगा अशा सर्व्हिस मोटारी चालायच्या. गावातल्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं त्या काढल्या होत्या आणि त्यांच्याच गॅरेजात हे काम करायचे. गॅरेजच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, त्यात आमचा संसार. मी, हे आणि सासूबाई. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात.

माझे वडील शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. मास्तरांनी पोरगी काळ्या हाताच्या माणसाला दिली म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली. वडील त्यांना म्हणाले होते, "हात काळं हायत, पण रिकामं न्हाईत." मला ते ऐकून फार बरं वाटलं होतं. आणि लग्नाचं वर्ष सरायच्या आत त्यातला उजवा हात मोडला.

तेव्हा मोटार सुरू करायची म्हणजे तिच्या तोंडात लोखंडी हँडल घालून गरागरा फिरवायचं. इंजिन कधीकधी रुसायचं आणि हँडल उलटं फिरून माणसाला हाणायचं. "हँडलनं मारलं" असं कुणी म्हटलं की मोटारवाल्याच्या घरातल्या बायका हातातलं काम टाकून धावायच्या. यांचं मनगट गेलं आणि कोपरही गेलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. कोपर पुरतं उघडेना, मनगट फिरेना. एखादी वस्तू धरून ठेवायची एवढंच काम त्या हाताला उरलं.

मालक वाईट माणूस नव्हते. ते घरी आले, कट्ट्यावर बसले, चहा घेतला, यांच्या हाताकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हे बगा, सुगीचं दिवस हायत. व्यापारी लोक मोटारीवर डोळं लावून बसल्यात. होळीपतोर मी कळ काढतो. तवर तुमचं तुम्हांला एकट्याला जमलं, तर गॅरेज तुमचंच. न्हाय जमलं तर कोल्हापूरचा मिस्त्री आणावा लागंल मला. मग त्यालाबी राहायला जागा लागंल की." हे फक्त "व्हय" म्हणाले. शेवटचं वाक्य मी दाराआडून ऐकलं आणि आमच्या दोन खोल्यांकडं नव्यानं बघितलं.

आता वाटतं, मालकांनी होळीचं नाव घेतलं तेच बरं केलं. पुढं काय होणार हे ठाऊक नसलं की माणूस नुसता बसून राहतो. होळी म्हटल्यावर आमच्या घराला हालचाल करावी लागली.

हाताचं दुखणं होतंच, पण खरी नड होती ती पेटीची. गॅरेजातलं सगळं हत्यार एका लांबलचक लाकडी पेटीत असायचं. पाने, हातोडे, डिसमिस, पकडी, कानशी, सगळं एकावर एक. झाकण जड. एका हातानं ते उचलून धरायचं आणि दुसऱ्यानं आत चाळायचं. दोन्ही हात धड होते तोवर यांना त्या पेटीचं काही वाटलं नाही. आता झाकण धरलं की चाळायला हात नाही, आणि हात आत घातला की झाकण धरायला हात नाही. क्लीनर मोटारीबरोबर गेलेला असायचा. त्यात लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारींच्या मागं कोळशाच्या भट्ट्या बसवलेल्या; त्या गॅसवर मोटारी कशाबशा चालायच्या आणि रोज काहीतरी नवं दुखणं घेऊन परत यायच्या. पाना हरवला तर दुसरा मिळायची आशा नाही. यांचा दिवस मोटारीपेक्षा पेटीतच जास्त जायला लागला.

एक दिवस आत्ती दुपारची भाकरी घेऊन गॅरेजात गेल्या आणि तशाच परत आल्या. यांनी झाकण डोक्यावर तोलून धरलं होतं आणि डाव्या हातानं आत धुंडाळत होते, म्हणे. आत्तींनी ते दारातनंच बघितलं आणि यांना दिसायच्या आत मागं फिरल्या. भाकरीची पाटी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. आता काहीतरी वाईट ऐकायला मिळणार असं मला वाटलं, तर म्हणाल्या, "गं, तुझ्या बानं तुला चित्रं काढायला शिकवलंय न्हवं? मग बस आन् एक मांडणी काढ. गॅरेजातल्या भितीला मारायची."

मांडणी म्हणजे काय ते आपल्या बायकांना सांगायला नको. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फळ्या, पुढं बारीक कठडा, वर डबे, मधे तांब्या-पितळेची भांडी, खाली पळ्या अडकवायची दांडी. पण मोटारीच्या पान्यांना मांडणी करायची, हे तोवर मी कुठं ऐकलं नव्हतं. मी वडिलांची पट्टी आणि पेन्सिल काढली आणि मोठ्या हौसेनं चित्र काढलं. मधोमध मोठी फळी, दोन्ही अंगांना सारख्या लहान फळ्या, डावीकडं जेवढं तेवढंच उजवीकडं, वर कमळाची नक्षीसुद्धा. वडिलांनी दहापैकी नऊ गुण दिले असते. आत्तींनी चित्र लांब धरून बघितलं आणि म्हणाल्या, "हे देवघर झालं गं. हेच्यात पाने ठेवायचं का गणपती?"

मी हिरमुसले. आत्तींच्या तोंडाला तशी धार होती, आणि ती कुणावर कधी पडेल याचा नेम नसायचा. पण त्या दिवशी त्यांनी मला हाताला धरून चुलीपुढं बसवलं आणि म्हणाल्या, "डोळं मीट. आता मीठ काढ." मी डोळे मिटून हात केला, मीठ हाताला लागलं. "तिखट काढ." तेही लागलं. "उलथणं." लागलं. "बघ. हात आधी जातोय, डोळं मागनं जात्यात. तू आधी भितीवर फळी काढलीस. आधी त्याचा हात कुठं जातोय ते बघाय पायजे. फळी मागनं."

वडिलांनी मला रेघ सरळ काढायला शिकवली, आणि रेघ कुठं काढायची ते आत्तींनी. दोन्ही शिकवण्या मला फुकट मिळाल्या. पुढं आयुष्यात मी पुष्कळ घरं लावली, माझी, मुलीची, सुनेची, आणि प्रत्येक वेळी आधी त्या घरातल्या बाईला नुसतं उभं करून हात करायला लावला. सुना मला हसतात. हसोत बापड्या.

पण यांचा हात कुठं जातो ते बघायचं कसं? हे तयार होईनात. उजवा हात कामातून गेला हे एक, आणि डाव्या हाताचं दुसरंच. डाव्या हातानं आपल्यात कुणाला काही देत नाहीत, घेत नाहीत, देवाला फूल वाहत नाहीत. यांनी हत्याराला कधी पाय लागू दिला नव्हता. दसऱ्याला सगळे पाने धुऊन, तेल लावून, हळदकुंकू वाहून पुजायचे. आत्तींनी मांडणीची गोष्ट काढली तेव्हा हे एवढंच म्हणाले, "डाव्या हातानं हत्यार उचलायचं, त्ये बी थाटमाट करून? आडोशाला लपून काम काढतोय तेवढं बास हाय."

आत्ती भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "लेका, तू झालास तवा मी रानात व्हतो. उजव्या हातात विळा व्हता माझ्या. तुला उचललं त्ये डाव्यानंच. तुला काय बाट लागला व्हय रं?"

(आत्ती "मी व्हतो" असंच म्हणायच्या. आमच्या भागातल्या जुन्या बायका असंच बोलतात. मला अनगोळहून आल्यावर त्याचं हसू यायचं, पुढं मीही कधी तसं बोलायला लागले ते कळलं नाही.)

हे उठून गेले. पण नको म्हणाले नाहीत, आणि आत्तींना तेवढं पुरलं. सदलग्याला इराप्पा म्हणून एक सुतार होता, आत्तींच्या माहेरच्या ओळखीचा, त्यांना आक्का म्हणणारा. त्याला त्यांनी ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला, की अशी अशी गरज आहे, काय पाठवता येईल ते पाठव. त्याचा उलट निरोप आला तेव्हा मी विहिरीवर गेले होते. परत आले तर आत्तींचा चेहरा उजळलेला. म्हणाल्या, "इराप्पा देवमाणूस गं. सोमवारच्या मोटारीनं हलगी पाठवतोय. चांगली वाळलेली हाय, उन्हात धरलीया म्हणं."

हलगी म्हणजे आपलं वाजवायचं चामड्याचं वाद्य. जत्रेत, लग्नात कडकडते ती. यांच्या हातासाठी आत्ती लक्ष्मीला नवस बोलल्या होत्या, तो इराप्पाच्या कानावर गेला असणार आणि त्यानं देवीपुढं वाजवायला हलगी धाडली, असा त्यांनी हिशेब जुळवला. मलाही तो पटला. वाळलेली, उन्हात धरलेली म्हणजे चामडं चांगलं ताणलेलं असणार, खणखणीत वाजणार.

सोमवारी आत्तींनी हुग्गी केली. गव्हाची गुळातली खीर ती. हलगीवाले येणार, उन्हातान्हाचे येणार, त्यांना नुसत्या भाकरीवर कसं पाठवायचं? गल्लीतल्या चार बायका नटूनथटून आल्या. दारात पाट मांडला, हळदकुंकवाचं ताट, नारळ. सदलग्याची मोटार कोळशाचा धूर सोडत आली, थांबली. आत्ती ताट घेऊन पुढं. ड्रायव्हर टपावर चढला आणि एकेक करून खाली सोडायला लागला. फळ्या. सागाच्या, रंधा मारलेल्या, लांबलचक फळ्या.

"आन् हलगी?" आत्तींनी विचारलं.

"हीच की आत्ती. इराप्पानं दिल्याली."

"अरं, ह्या फळ्या हायत!"

"व्हय की. फळीच. तेंच्या कानडीत हलगीच म्हणत्यात हेला."

आमच्याकडच्या कानडीत फळीला हलगी म्हणतात. वाजवायच्या हलगीलाही हलगी म्हणतात. अनगोळात वाढल्यामुळं मला हे ठाऊक असायला हवं होतं, आणि होतंही, पण त्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यात ढोलताशेच वाजत होते. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग आत्तींनी पदर सावरला, पुढं झाल्या आणि त्या फळ्यांनाच हळदकुंकू लावलं. नारळ फोडला. म्हणाल्या, "हुग्गी केलीया, ती काय मी परत डब्यात भरू? बसा सगळ्याजणी."

आणि गॅरेजच्या दारातून हसू ऐकू आलं. हे चौकटीला टेकून उभे होते आणि हसत होते. आधी आवाज न करता, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हात मोडल्यापासून हा माणूस हसला नव्हता. आत्ती रागावल्याचं सोंग करून म्हणाल्या, "दात काढायला हुग्गी लागती व्हय रं तुला?" पण वळून त्यांनी डोळे पुसले ते मी बघितलं. इराप्पाला ही गोष्ट कळली तेव्हा तो म्हणाला, आक्का, पुढच्या वेळेला खरी हलगी पाठवतो, म्हणजे तुम्ही ती फळी समजून भिंतीला माराल.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आपण होऊन भिंतीपुढं उभे राहिले. "काढ काय काढायचं त्ये," म्हणाले. मी हातात खडू घेतला.

त्या सकाळसारखी सकाळ मला पुन्हा मिळाली नाही. गॅरेजाचं दार पूर्वेला, ऊन आत लांबवर आलेलं, त्यात तंबाखूची पिवळी धूळ तरंगते आहे. आमच्या लग्नाला वर्षही झालेलं नाही, दिवसाउजेडी आम्ही एकमेकांशी धड बोलतही नव्हतो, आणि मी यांच्या इतक्या जवळ उभी. आत्ती पेटीवर बसून हुकूम सोडत होत्या. "डोळं मीट. बारका पाना घे." यांचा डावा हात भिंतीवर गेला, मी तिथं खडूनं खूण केली. "हातोडा घे." खूण. "आता वाकून घे." खूण. खुणांचा एक वाकडातिकडा पसारा झाला. एकही खूण दुसरीच्या सरळ रेषेत नाही. सगळं डावीकडं सरकलेलं, मधे गर्दी, उजवीकडं निम्मी भिंत मोकळी. वडिलांनी बघितलं असतं तर कागद परत केला असता. मला मात्र ते चित्र फार देखणं वाटलं, आणि आजही वाटतं.

मग फळ्या बसवायच्या कशा हा प्रश्न. भिंत काळ्या दगडाची, मातीत बांधलेली. खिळा दगडाला लागला की वाकायचा, मातीला लागला की उपटून यायचा. इथं यांचं डोकं चाललं. मोटारीच्या चाकावर वाकडे पोलादी पाटे बसवलेले असतात, खड्ड्यात गचका बसू नये म्हणून. आमच्या रस्त्यांवर ते सारखे तुटायचे आणि गॅरेजाच्या मागं त्यांचा ढीग पडलेला असायचा. यांनी तेच पाटे दगडांच्या सांध्यात ठोकले, बाभळीच्या पाचरी मारल्या, चुन्यानं भरून घेतलं. हातोडा डाव्या हातात, पाटा उजव्यानं नुसता धरलेला. मी मदतीला जायला लागले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. होतंय." आवाजात जुना माणूस होता.

पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. फळ्यांवर सगळं लावून झालं, हे ड्रायव्हरकडून हँडल मारून घेऊन इंजिन सुरू करून बघायला लागले, आणि त्या थरथरीनं पाने हळूहळू चालायला लागले. सगळे फळीच्या कडेला आले आणि टपाटप खाली. आत्ती म्हणाल्या, "मांडणीला कठडा का असतोय मग?" मग बारीक पट्ट्या मारल्या, आणि फळ्यांना भिंतीकडं किंचित उतार दिला, म्हणजे हत्यार सरकलं तर भिंतीकडं सरकेल. पाने खालच्या पट्टीवर, दोन दोन खिळ्यांच्या मधे मान अडकवून. खिळेही डाव्या पंजाला सोयीचे असे तिरके. झाकण नाही, कडी नाही, काही सोडवायला नको. वर उचललं की हातात. जड जॅक कंबरेच्या उंचीच्या कट्ट्यावर, म्हणजे वाकायला नको. शेवटी आत्तींनी गेरू कालवला आणि प्रत्येक हत्याराभोवती भिंतीवर रेघ ओढली. पान्याच्या जागी पान्याचा आकार, पकडीच्या जागी पकडीचा. "जागा मोकळी दिसली की कळतंय काय हरवलंय त्ये," म्हणाल्या. लढाई संपेपर्यंत त्या गॅरेजातून एक पाना हरवला नाही.

ती भिंत अजून आहे. तिथं आता खताचं दुकान आहे. गेल्या वर्षी बी-बियाणं आणायला गेले तर गल्ल्यावरचा म्हणाला, "आक्का, ह्या फळ्या आशा एका अंगाला कुणी मारल्यात कुणास ठावं. डबा ठेवायला गेलं की हात आवघडतोय." मी म्हटलं, "चांगल्या हायत रं बाळा, काढू नको." त्याला वाटलं म्हातारीला लाकडाची पारख आहे. फळ्यांचा सागवान अजून किडलेला नाही. गेरू मात्र चुन्याखाली गेला, आणि हेही जाऊन आता बरीच वर्षं झाली.

होळी जवळ येत चालली. यांचं काम पूर्वीसारखं झपाट्यानं होत नव्हतं, पण होत होतं. उजव्या हातानं बोल्ट धरायचा, डाव्यानं फिरवायचा. हात मागं गेला की पाना हातात. मी स्वयंपाकघरातून आवाज ऐकायची. पूर्वी पेटीतला खणखणाट आणि मग बराच वेळ नुसती शांतता ऐकू यायची. आता एक टक्क, आणि लगेच काम. त्या टक्क आवाजावर माझा जीव टांगलेला असायचा. जरा जास्त वेळ तो आला नाही की परातीतला हात थांबायचा.

मालकांची कळ मात्र होळीपर्यंत निघाली नाही. व्यापाऱ्यांची गर्दी झाली, एका दिवशी दोन मोटारी बंद पडून आल्या, आणि संध्याकाळच्या मोटारीतून कोल्हापूरचा मिस्त्री उतरला. मालकांनी आधीच निरोप धाडलेला होता. मिस्त्री अंगानं भरलेला, हसऱ्या तोंडाचा, हातात कामाचे कपडे बांधलेलं गाठोडं. आत्तींनी त्याला चहा दिला, जेवायला वाढलं, अंथरूण घातलं. वैऱ्यासारखं वागवावं असा माणूसच नव्हता तो. मला तेच जास्त जड गेलं.

सकाळी मालक स्वतः गॅरेजात आले. बोरगावची मोटार उघडून ठेवलेली. मालक मिस्त्रीला म्हणाले, "तुमी करा आता. ह्यांस्नी जरा इसावा द्या." हे बाजूला झाले. मी आणि आत्ती मधल्या दाराशी उभ्या. मिस्त्रीनं बाह्या मागं सारल्या आणि हात घातला. काम येणारा माणूस होता, बघूनच कळत होतं. पण पाना हवा झाला की उजवा हात उजवीकडं जायचा, आणि तिथं मोकळी भिंत. मग तो सगळा वळायचा, मोटारीला वळसा घालून यायचा, शोधायचा. पाना उचलायला गेला की तिरक्या खिळ्यांत त्याचं मनगट पिळायचं. परत ठेवताना जागा चुकायची. एकदा पकड हातातून सुटून त्याच्याच पायावर पडली. हे कट्ट्याजवळ उभे होते. मिस्त्री वळायला लागला की आधीच डावा हात भिंतीकडं न्यायचे आणि हवा तो पाना त्याच्यापुढं धरायचे. भिंतीकडं बघायचेही नाहीत.

असं बराच वेळ चाललं. मग मिस्त्री थांबला. रॉकेलच्या डब्यात हात धुतले, फडक्याला पुसले, आणि मालकांना म्हणाला, "मालक, रागावू नगा. मला कशाला बोलावलंसा तुमी?"

मालक म्हणाले, "का? काय झालं?"

"हितं एक मिस्त्री हाय की. धडधाकट." त्यानं भिंतीकडं हात केला. "माझं दोन्ही हात नीट हायत, पर हितं पांगळा मी झालोय. ही सगळी मोडून परत मांडायची म्हटली तर तुमची सुगी निघून जाईल. आन् मोडावी कशाला? मी तर आजपतोर आसं गॅरेज बघितलं न्हाय." मग यांच्याकडं वळून म्हणाला, "दादा, घ्या तुमचं तुमी. मी बोल्ट धरतो, तुमी फिरवा."

आणि दोघांनी मिळून ती मोटार दुपारपर्यंत सुरू केली. यांनी फिरवायचं, त्यानं धरायचं. हँडल मात्र मिस्त्रीनं मारलं, यांना हात लावू दिला नाही. मोटार धडधडली, आणि मांडणीवरचं एकही हत्यार जागचं हललं नाही. मालक उभेच होते. शेवटी टोपी सारखी केली आणि यांना म्हणाले, "उद्या चिकोडीची गाडी येळंवर काढा. व्यापारी खोळंबल्यात." नेहमी म्हणायचे तसंच म्हणाले आणि गेले. मिस्त्री त्याच मोटारीतून बोरगावला गेला आणि तिथून पुढं कोल्हापूरच्या वाटेला लागला. जाताना आत्तींच्या पाया पडला.

हे आत येऊन पाटावर बसले. मी चुलीपुढं होते. तव्यावर भाकरी होती आणि मला काही दिसत नव्हतं, कारण डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. या खोल्या आपल्या, ही चूल आपली, पलीकडची भिंत यांची, एवढंच मनात फिरत होतं. भाकरी करपली. वास सुटला. आत्तींनी तो घेतला असणार, पण त्या दिवशी त्यांच्या जिभेला धार नव्हती. मी करपलेली भाकरी माझ्यासाठी बाजूला सारली आणि दुसरी थापायला घेतली. यांनी हात लांब करून ती करपलेलीच उचलली. उजव्या हातानं धरली, डाव्या हातानं मोडली, आणि आत्तींच्या देखत अर्धी माझ्यापुढं ठेवली.

आत्ती म्हणाल्या, "बघत काय बसलीस? घे की." आणि आपलंही ताट घेऊन आमच्या शेजारी बसल्या. त्या दिवशी आम्ही तिघं पहिल्यांदा एका वेळी जेवलो.